बोरवतीच्या बंधाऱ्याखालचा शेणदगड

माझ्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. वर "आक्का, बसा खाली, चहा आलाय," असं म्हणाले. माघात शाळेच्या पडवीत तीन गावांची बैठक होती, बोरवती नदीच्या पाण्याबद्दल. डोंगरावरच्या धावडपाड्याचा माणूस म्हणाला, झाडं राहिली म्हणजे पाणी सुरक्षित. आमच्या निमखेड्याचा म्हणाला, बंधारा तुडुंब असला म्हणजे सुरक्षित. खालच्या भोईटाकळीचा म्हणाला, नदी वाहती राहिली म्हणजे सुरक्षित. पाटबंधारे खात्याच्या साहेबांनी नकाशा उलगडला आणि म्हणाले, मोजणी झाली म्हणजे सुरक्षित. एकच शब्द चौघांनी आपापल्या गालात चघळला, आणि एकाने दुसऱ्याच्या तोंडाकडे बघितलं नाही. मी उठून शेणदगडाची गोष्ट सांगायला लागले, तर हसले.

मग मी दोन कामं केली. एक यंदाच्या आखाजीला केलं, ते शेवटी सांगते. दुसरं हे लिहिणं. चौथीपर्यंतची शाळा आहे माझी, तेवढी यासाठी पुरते. तुम्ही बाहेरगावची माणसं अक्षय्य तृतीयेला, म्हणजे आमच्या आखाजीला, गाड्या करून येता, नाकाला रुमाल लावून फोटो काढता आणि तिथल्या फलकावरचं वाचून परत जाता. आता हेही वाचा.

बंधारा तुम्ही पाहिलाच असेल. काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली जुनी भिंत आहे. तिच्या पायथ्याशी एक भोक आहे, म्हशीचं तोंड मावेल एवढं. त्याला तिन्ही गावांत 'मुस्कट' म्हणतात. त्यातून बारा महिने पाणी पडतं, उन्हाळ्यात करंगळीएवढी धार का असेना. भिंत सगळीकडे पुरुषभर जाड आहे, फक्त मुस्कटापाशी हातभर. आणि समोर दहा पावलांवर तो दगड. दगड म्हणायचा, पण दगड दिसत नाही. वर्षानुवर्षांचं शेण आणि चिखल त्याच्यावर थरांनी वाळलेलं आहे, भेगा पडलेल्या, भेगांत किडे. वैशाखाच्या उन्हात त्याचा वास पाटाच्या पलीकडे येतो.

आखाजीच्या सकाळी तिन्ही गावच्या बायका जमतात. शेण, भुसा आणि धावड्याचा डिंक कालवून मुस्कट बुजवतात. खालचे ओले दगड उन्हाने पांढरे पडेपर्यंत थांबतात. मग एक बाई खांद्यापर्यंत हात घालून तो बोळा उपसते, आणि जो लगदा निघतो तो मुठीमुठीने त्या दगडावर मारायचा. "खा सुपडे, खा!" असं ओरडायचं. म्हाताऱ्या वरून थुंकतात. पहिली मूठ पाटकऱ्यांच्या घरची. पाटकरी म्हणजे पूर्वी पाटाचं पाणी वाटून देणारा माणूस. तो मान त्या घराचा.

फलकावर लिहिलंय की सुपडी नावाच्या भोईणीने द्वेषापोटी बंधारा फोडला, म्हणून देवाने तिचा दगड केला.

फलक लिहिणाऱ्याला फक्त निमखेड्याने सांगितलं. मी जन्मले भोईटाकळीत आणि दिली गेले निमखेड्यात, पाटकऱ्यांच्याच घरात. आणि माझ्या मुलीच्या बाळंतपणात लाडवासाठी डिंक घेऊन धावडपाड्याची जमनीबाई आमच्या ओट्यावर बसली होती, तिने तिसरा तुकडा सांगितला. तीन गावांत एकाच गोष्टीचे तीन तुकडे आहेत. प्रत्येक गाव आपलाच तुकडा मिरवतं. मी ते जोडले, एवढंच माझं पाप.

फार मागची गोष्ट. बोरवतीला तेव्हा बंधारा नव्हता. निमखेड्याच्या झुलाल पाटलाने तो बांधायला काढला. असं सांगतात की भिंत कंबरेएवढी झाली की कोसळायची. दोनदा कोसळली. तिसऱ्यांदा भोईटाकळीचे भोई आणि धावडपाड्याचे नाईक नदीत येऊन उभे राहिले. भोई म्हणाले, "सगळी नदी कोंडाल तर आम्ही मासे कुठे धरू, पाणी काय पिऊ?" नाईक म्हणाले, "आमच्या डोंगराचं पाणी. तुम्ही त्याला तुरुंगात टाकायला निघालात." भिंत बांधणाऱ्या वडारांचा म्होरक्या शहाणा होता. तो म्हणाला, नदीला तोंड ठेवा, भिंत राहील. मग तिन्ही गावांनी बेलभंडार उचलून शपथ घेतली की हे मुस्कट कधी बुजवायचं नाही. भिंत राहिली, म्हणे.

मुस्कटात पाला अडकायचा. तो काढायला भोईटाकळीने आपली एक बाई नेमली. तीच सुपडी. तिच्या आधीची भावंडं जगली नव्हती म्हणून हिला जन्मल्याबरोबर सुपात घातली, त्यावरून हे नाव. नवरा डोहात गेलेला, घरात एकच मुलगी, मैनी. सुपडी रोज सकाळी बंधाऱ्याच्या पाण्यात उतरायची, मुस्कटात हात घालून पाला काढायची, आणि धार पूर्ण पडली की घरी जायची. तिचा उजवा हात कोपरापासून खाली कायम पांढरा, सुरकुतलेला असायचा म्हणे. माझी आजी हे सांगताना आपलाच हात चोळायची.

आणि पाटावर होता धुडकू. निमखेड्याचा पाटकरी. तिन्ही गावांत पाय टाकणारा तो एकटाच माणूस. डोंगरावर किती पाणी झिरपतं, बंधाऱ्यात किती साचतं, खाली किती पोचतं, हे सगळं एकाच डोक्यात होतं, ते त्याच्या. बाकी प्रत्येकाला आपल्या दारापुढची नदी तेवढी ठाऊक. जिकडे जाईल तिकडे त्याला बसायला पाट, वर गुळपाणी. गोड बोलायचा. असली गोड माणसं मला दुरूनही ओळखू येतात.

लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही. तिसऱ्या वर्षी प्रत्येक गावाला आपलं पाणी जपायची घाई झाली.

धुडकू धावडपाड्यावर गेला. नाईक नदीत डवरे, म्हणजे पाणी झिरपायचे खड्डे, खणत होते, गुरांसाठी. ते बिचकत होते, खालच्यांचं पाणी तुटेल म्हणून. धुडकू म्हणाला, "खणा हो, बिनघोर खणा. खाली पाटलाचा ऊस डुलतोय." खुशीने नाईकांनी त्याला मोहाची फुलं दिली.

पाटलाच्या ओट्यावर आला. म्हणाला, "दादा, वरच्यांनी खणून खणून नदी चाळणी केलीय. जे येतं ते त्या मुस्कटातून निसटतं. दिवसाला एक वाफा पितं ते."

"मग?" पाटील म्हणाला. "बेलभंडार उचललाय आपण."

"बुजवायचं कोण म्हणतंय? दोन बोटं अरुंद करतो. उसाची पाण्याची एक पाळी निघेपर्यंत. कळणारही नाही."

पाटील गप्प राहिला. त्या गप्प राहण्याला आमच्या गावात आजही कोणी नाव ठेवत नाही.

मग भोईटाकळीत जाऊन कपाळाला हात लावून बसला. "काय सांगू? वरच्यांनी डवरे खणले. बंधाऱ्यातच पाणी नाही, तर मुस्कटातून काय येणार? मी पाटलाशी भांडतोय तुमच्यासाठी." भोयांनी त्याला सुके मासे बांधून दिले. तिन्हीकडे याने खोटं सांगितलं आणि तिन्हीकडे खाल्लं. एकाच तोंडाने मोह, गूळ आणि मासे.

दोन बोटांची चार झाली, चाराचा पंजा झाला. पण सुपडी रोज पाण्यात उतरायची, तिच्या हाताला कळलं असतं. म्हणून धुडकूने चावडीवरून हुकूम काढवला की टंचाईत बंधाऱ्याच्या पाण्यात भोयांनी पाय घालायचा नाही, पाणी विटाळतं. ज्या बाईच्या हाताने ते मुस्कट वर्षानुवर्षं साफ राहिलं, तिच्या पायाने पाणी विटाळतं! आणि हुकूम निघाल्याबरोबर त्याने राहिलेली फट शेण, भुसा आणि डिंकाने पक्की लिंपली.

खाली नदी थांबली. डोह आटला, त्याचं डबकं झालं. मासे पोट वर करून तरंगले, मग सडले. पाण्यावर हिरवी साय आली, सायीत अळ्या. बायका पदर चौपदरी करून त्यातून पाणी गाळायच्या, पदरावर अळ्या राहायच्या, त्या झटकून पुन्हा गाळायच्या. मैनी तेव्हा पहिल्या बाळंतपणाला आईकडे आली होती. सातवा सरला होता. तेच पाणी प्याली. तिला जुलाब लागले, वांत्या लागल्या, दोन दिवसांत डोळे खोल गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी ती पोटातल्यासकट गेली.

धुडकूने मयताला लाकडं पाठवली. दोन गाड्या.

सुपडी रडली नाही म्हणतात. राख सावडायला नदीत पाणी नव्हतं, म्हणून ती चालत बंधाऱ्याखाली आली. वरच्या पाण्यात उतरायची बंदी, म्हणून खालच्या बाजूने मुस्कटात हात घातला. खांद्यापर्यंत. बोटांना पाणी लागलं नाही. बोटांना जे लागलं ते नखांत भरून तिने बाहेर काढलं आणि हुंगलं.

तशीच ती चावडीवर गेली. पाटील होता, चार माणसं होती, धुडकू होता. सुपडीने हात पुढे केला.

"वास घ्या पाटील. मुस्कटात शेण कुठून आलं?"

पाटलाने तोंड फिरवलं. एक जण म्हणाला, "भोईणीच्या हाताला वास यायचाच." सगळे हसले.

"नाकाने नको तर डोळ्याने बघा. भुसा आहे यात. मासा भुसा खातो काय?"

धुडकू हळूच म्हणाला, "पोर गेलीय हो तिची. डोकं ठिकाणावर नाही. बाई, घरी जा, मी येतो सांजेला."

ती आपल्या गावात गेली. भोई म्हणाले, "धुडकूआप्पा खोटं बोलायचा नाही. त्याने तुझ्या पोरीला लाकडं दिली. तुला काय म्हणायचंय, आपला माणूस गेला तो आपल्याच हितकर्त्यामुळे?" ती म्हणाली, "हो." त्यांनी तिला घरात बसायला सांगितलं.

मग ती डोंगर चढून धावडपाड्याला गेली. जमनीबाईचा तुकडा तो हाच. त्यांच्याकडे सांगतात की खालून एक भोईण आली, एका हाताला शेण वाळलेलं, आणि तिने एकच विचारलं, "यंदा तुमच्याकडून डिंक कोणी नेला?" नाईक म्हणाला, "पाटकऱ्याने. दोन टोपल्या. बंधारा दुरुस्त करायचा म्हणाला."

"दुरुस्त नाही केला. नदीचं तोंड शिवलं. माझ्याबरोबर खाली चला, पाटलासमोर एवढंच सांगा."

नाईक डवऱ्याकडे बघत म्हणाला, "आमच्या गुरांना पाणी आहे, बाई. खालचं भांडण खाली निस्तरा."

त्याचंही पाणी सुरक्षित होतं.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. निमखेड्याच्या बायका झोके घेत होत्या, गाणी म्हणत होत्या. सुपडी बंधाऱ्याखाली गेली, पदर खोचला, आणि खांद्यापर्यंत हात मुस्कटात घालून उपसायला लागली. शेण तिच्या केसांत, तोंडावर, छातीवर पडत होतं. डिंकाने घट्ट झालेला बोळा सुटेना. पण आतून पाण्याचा भार होता. कोंडलेलं पाणी मुस्कटाच्या आजूबाजूचा चुना महिनाभर खात बसलं होतं, आणि हे त्या शहाण्या धुडकूलाही कळलं नव्हतं. बोळा सुटला तसे आजूबाजूचे दगडही सुटले. भिंतीला तिथे खिंडार पडलं. सगळा साठा एका दमात खाली आला, भोईटाकळीच्या कोरड्या वाळूत शिरला आणि सांजेपर्यंत जिरून गेला. ना उसाला, ना गुरांना, ना माणसांना.

लोक धावत आले तेव्हा मुस्कटावरची शिळा उलटून दहा पावलांवर पडली होती. तिच्याखालून एक हात बाहेर होता. पांढरा, सुरकुतलेला, शेणाने माखलेला.

सगळ्यात आधी ओरडला तो धुडकू. "फोडला! भोईणीने बंधारा फोडला! बघा, हात बघा तिचा!" आणि खाली वाकून, तिनेच उपसलेल्या शेणाची मूठ भरून त्याने त्या हातावर मारली. मग दुसऱ्याने मारली. मग सगळ्यांनी. भोईटाकळीच्यांनीसुद्धा, कारण त्यांना भीती वाटली की आपण नाही मारलं तर आपणही तिचे ठरू. शिळा कोणी उचलली नाही. बाई दगड झाली, असं सांगतात. बाई दगड होत नसते. बाईवर दगड ठेवतात आणि उचलत नाहीत.

पुढे पाऊस आला. भिंत पुन्हा बांधली, मुस्कट उघडं ठेवून. पण पाण्याला शेणाचा वास येऊ लागला. निमखेड्याच्या पाटात आला, भोईटाकळीच्या डोहात आला. आणि ज्याला चमत्कार म्हणायचं तो हा, की वर धावडपाड्याच्या झऱ्यालाही आला. पाणी कधी वर चढत नाही, पण वास चढला. भाकरीला वास, ताकाला वास, देवाच्या आंघोळीला वास. पुरुष म्हणायचे, आम्हाला तर काही येत नाही. पाणी भरणाऱ्या बायकांना येत होता. सात वर्षं आला, म्हणे.

सातव्या वर्षी आखाजीला तिन्ही गावच्या बायका न ठरवता बंधाऱ्याखाली आल्या. त्यांनी मुस्कट तसंच बुजवलं, खालचे दगड वाळलेले डोळ्यांनी बघितले, आणि एकीने खांद्यापर्यंत हात घालून उपसलं. म्हणजे सुपडीने काय केलं ते प्रत्येकीला आपल्या हाताने कळलं. मग त्यांनी तो लगदा भिंतीवर, पाटकरी उभा राहायचा त्या चौथऱ्यावर मारला, आणि ओरडल्या, "जो बुजवील त्याच्या तोंडात!" त्या दिवशी वास गेला.

धावडपाड्याच्या बायका आजही तेवढंच ओरडतात. तुम्ही नीट ऐकलंत तर गलक्यात ऐकू येईल. आमच्याकडे ते बदललं. पहिल्या मुठीचा मान पाटकऱ्यांच्या घराने मागून घेतला. कोणीच हरकत घेतली नाही, पाटाचं पाणी त्यांच्याच हातात होतं. ज्याची पहिली मूठ त्याची पहिली आरोळी. त्यांनी चौथऱ्याऐवजी शिळा धरली आणि सुपडीचं नाव घातलं. दोन पिढ्यांत सगळ्यांच्या तोंडात तेच बसलं. माझ्या माहेरच्यांच्याही. आपल्याच बाईवर थुंकायला आम्ही पोरी नटूनथटून यायचो.

सासरी मला हे कसं कळलं, विचाराल. लपवून नव्हतंच. सासरे जेवताना अभिमानाने सांगायचे, "आमच्या मूळपुरुषाचा हात असा की एका दुष्काळात शेण, भुसा न डिंक कालवून त्याने असं पाणी बांधलं, थेंब निसटला नाही." बावीस वर्षं मी त्यांच्या पानात वाढता वाढता हे ऐकलं. आजीने शेणाने माखलेला हात सांगितला होता. जमनीबाईने डिंक सांगितला. ओट्यावर बसल्या बसल्या माझ्या हातातला डिंकाचा खडा खाली पडला.

बैठकीत मी हे सगळं सांगितलं. म्हटलं, तुम्ही चौघं चार तऱ्हेचं पाणी बोलताय, बोला. पण जो तिन्ही गावांत फिरतो आणि तिन्हीकडे वेगळं सांगतो, त्याचं सांगणं तिघांनी एकत्र बसून ताडून बघा. साहेब नकाशाची घडी घालत म्हणाले, "लोककथा छान आहे." आमचा चुलतदीर म्हणाला, "घरचं अन्न खाऊन घराचीच बदनामी करते." आणि चहा आला.

आता यंदाची आखाजी. सासूबाई गेल्यापासून पहिली मूठ माझी. मी मुस्कट उपसलं. खांद्यापर्यंत हात आत होता तेव्हा थोडा वेळ तसाच ठेवला. आत गार असतं, आणि शेणामागे पाणी ढुश्या देतं ते तळव्याला कळतं. मग मूठ भरून उठले. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघत होत्या. मी दगडाला वळसा घातला आणि भिंतीजवळ गेले. चौथऱ्यावर मूठ मारली आणि मूळपुरुषाचं नाव घेतलं. वर बंधाऱ्यावर उभे असलेले आमचे हे तोंड फिरवून घरी गेले, महिना झाला, बोलत नाहीत. निमखेड्याच्या बायकांनी मुकाट्याने दगडावरच मारलं. धावडपाड्याच्या ओरडल्या. भोईटाकळीच्या नुसत्या उभ्या राहिल्या, फक्त माझ्या मामेबहिणीने, कुशीने, एक घागर भरली आणि शेणदगडावर ओतली. एकीनेच. थोडं शेण विरघळलं, खालचा काळा दगड चार बोटं दिसला.

आजही मुस्कट उघडं आहे. आजही तीन गावं तीन तऱ्हेने पाणी सुरक्षित म्हणतात आणि फलक तसाच आहे. आमच्या देव्हाऱ्यातही मूळपुरुषाचा चांदीचा टाक आहे. बावीस वर्षं मी तो चिंचेने घासून लख्ख केला. यंदाच्या आखाजीपासून घासलेला नाही, काळा पडतोय. पुढच्या आखाजीला याल तेव्हा नाकावरचा रुमाल काढा, आणि तुम्हाला कोणी विचारलं की बोरवतीचं तोंड कोणी बुजवलं, तर सुपडीचं नाव घेऊ नका. पाटलाचं घेतलंत तर अर्धं खरं होईल, नाइकाचं घेतलंत तर पाव. पण ज्याला तिन्ही गावांचं पाणी ठाऊक होतं, आणि ज्याचं नाव कुंकवाबरोबर माझ्या कपाळी आलं, त्याचं पूर्ण घ्या : धुडकू पाटकरी.